मूर्खांची वही माळ्यावर गेली

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

आमचे हे सहकार खात्यात लेखापरीक्षक होते. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या व्हाउचरांतल्या चुका काढल्या. घरी छंद एकच. पेपरात कुणी वेडेपणा केल्याची बातमी आली की ती कात्रीनं कापायची, वहीत चिकटवायची आणि खाली लाल शाईनं शेरा मारायचा: ‘आक्षेप कायम’, ‘खुलासा असमाधानकारक’. १९७९ पासून हे चाललंय. सध्या तिसरी वही आहे. नाव ‘मूर्खांची वही’. रोज सकाळी चहाबरोबर त्यातली एक बातमी मोठ्यानं वाचायची आणि “काय लोक असतात बघ!” म्हणायचं, हा नेम.

गेल्या महिन्यात यांच्या मोबाइलवर मेसेज आला. मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, ताबडतोब अमुक नंबरवर अधिकाऱ्यांशी बोला. बिल यांनी चार तारखेलाच भरलेलं. पावती फायलीला लावलेली. हे तणतणत फोनवर गेले. पलीकडचा म्हणाला, “साहेब, तुमचं बरोबर आहे, आमच्या सिस्टीमची चूक आहे. एक ॲप घ्या, फक्त दहा रुपये भरा, लगेच अपडेट होतं.” यांनी दहा रुपये भरले. पाठोपाठ ४७,३०० गेले.

मुलानं पुण्याहून फॅमिली ग्रुपवर लिहिलं, “बाबा, आता वहीत स्वतःचाच फोटो चिकटवा.” खाली हसणारे सात चेहरे. त्या संध्याकाळी यांनी तिन्ही वह्या माळ्यावर टाकल्या आणि दुसऱ्या दिवसापासून पेपर बंद केला. सकाळी नुसते चहा पितात. मला पैशांचं तेवढं वाटत नाही. घरात आवाज नाही, त्याचं वाटतं. काय करू?

एक वाचक, मिरज


वहिनी, नमस्कार.

आधी रागावते, मग बोलते. तुमच्या दोन पानी पत्रात पावती फायलीला लावली तेही आहे, मुलानं टाकलेले चेहरे मोजून सात आहेत, पण तक्रार केल्याची एक ओळ नाही. म्हणजे केली नसणार. आणि का केली नसेल तेही कळतंय. पोलिसांसमोर “मी सेवानिवृत्त लेखापरीक्षक” असं सांगावं लागेल, त्यापेक्षा ४७,३०० परवडले.

परवडू देऊ नका. हे पत्र खाली ठेवा आणि १९३० लावा. सायबर फसवणुकीचा हा देशभरचा नंबर आहे. पैसे गेल्यागेल्या लावला असता तर पुढच्या खात्यात ते गोठवता येण्याची शक्यता बरीच असते. महिना गेला म्हणजे आशा कमी, पण तक्रार तरीही करायची. बँकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेचा नियम सरळ आहे. पिन आपल्या हातून गेला असेल तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान आपलं, आणि तक्रारीनंतर जे जाईल ते बँकेचं. ते ॲप फोनवर अजून असेल तर आधी काढून टाका. त्यातून यांच्या फोनचा पडदा पलीकडच्याला दिसत होता. यांनी दहा रुपयांसाठी पिन टाकला आणि तो त्यानं शेजारी बसल्यासारखा पाहिला. जादू एवढीच. आणखी एक. थोड्या दिवसांनी दुसराच कुणीतरी फोन करील, “तुमचे गेलेले पैसे सोडवून देतो, फक्त फी भरा.” तो पहिल्याचाच भाऊ समजा.

आता यांच्या मौनाकडे वळू.

तुम्हाला वाटतंय, शहाणा माणूस फसला म्हणून खचला. मला तुमच्या पत्रातलं दुसरंच वाक्य सापडलं. “साहेब, तुमचं बरोबर आहे.” वहिनी, चौतीस वर्षांत कुठल्या संस्थेच्या सचिवानं हे यांना पहिल्या झटक्यात म्हटलं असेल? समोरचा आधी कागद लपवतो, मग चहा मागवतो, मग आजारी पडतो. आणि इथे एक अनोळखी माणूस पहिल्याच मिनिटाला चूक कबूल करून दुरुस्तीला तयार! बिल थकवणारा माणूस घाबरून फोन लावतो. यांनी बिल भरलं होतं, पावती होती, म्हणून लावला. बिल थकवलं असतं तर कदाचित गप्प बसले असते आणि पैसे वाचले असते. चोरानं यांच्या मूर्खपणाला हात घातलाच नाही, त्याला तो सापडला नसता. त्यानं यांच्या चोख हिशेबाला हात घातला.

एरवी त्या मेसेजात हसण्यासारखं पुष्कळ होतं. वीज कायदा २००३, कलम ५६. थकबाकीसाठी वीज तोडायची तर किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. कायदा सोडा, व्यवहार बघा. आमच्याकडे सकाळी फ्यूज उडाला तर वायरमन उजाडतो तिन्हीसांजेला. तो रात्री साडेनऊचा ठोका धरून, कुणाच्या तरी दारात, खांबावर चढायला? हा मेसेज शेजारच्या घरी आला असता तर यांनीच तो कापून चिकटवला असता आणि खाली लिहिलं असतं, ‘वेळेबाबत खुलासा मागवावा’.

वहीत काय काय असेल याचा अंदाज करता येतो. १९७९ म्हणजे पहिलं पान स्कायलॅबचं असणार, नाही का? अमेरिकेची ७७ टनांची अंतराळ प्रयोगशाळा, १९७३ मध्ये वर गेलेली, खाली येणार हे नक्की आणि कुठे येणार हे नासालाही नक्की सांगता येईना. भारतात कित्येक गावांत लोकांनी कोंबड्या-बकऱ्या कापून खाऊन घेतल्या, मरायचंच आहे तर उपाशी का मरा! तेलंगणात त्या सुमारास जन्मलेल्या काही मुलांची नावंच स्कायलॅब पडली. ती माणसं आता पंचेचाळिशीच्या घरात असतील आणि आधार कार्डाच्या रांगेत स्पेलिंग सांगत असतील. ११ जुलैला ती खरोखर पडली, हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्परन्स गावाच्या आसपास. तिथल्या नगरपालिकेनं नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलर दंड ठोठावला. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वृत्तपत्रानं पहिला तुकडा आणणाऱ्याला दहा हजार डॉलर लावले होते. एस्परन्सचा सतरा वर्षांचा मुलगा जळके तुकडे घेऊन विमानानं गेला आणि बक्षीस घेऊन आला. एकाच लोखंडावर कुणी बकरं कापलं, कुणी पावती फाडली, कुणी पैसे मिळवले.

यात मूर्ख कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ७७ टन वर धाडून ते उतरवायची सोय न करणाऱ्यांचं कात्रण वहीत आहे का, बघा. बकरं कापणाऱ्यांचं नक्की असणार.

आता १९९५ चं पान. तिथे मी आहे.

नावानं नाही. पण पेपरात देवळाबाहेरच्या रांगेचा जो फोटो आला होता, तसल्याच एका रांगेत मी उभी होते. २१ सप्टेंबर, गुरुवार, ऐन पितृपक्ष. मी दादरला एका शाळेत विज्ञान शिकवत होते, आणि त्याच आठवड्यात नववीला पृष्ठताण शिकवून झाला होता. फळ्यावर थेंब काढला होता, वाटीतल्या पाण्यावर सुई तरंगवून दाखवली होती. मधल्या सुट्टीत शिपाई धापा टाकत आला, “बाई, गणपती दूध पितोय!” व्हॉट्सॲप जन्माला यायचं होतं, मोबाइल मूठभरांकडे. तरी दिल्लीत पहाटे सुरू झालेली गोष्ट फोनच्या तारांवरून त्याच दिवशी लंडनच्या साउथॉलपर्यंत पोचली. शिक्षकांच्या खोलीत चहाचं दूध होतं, ते मी फुलपात्रात ओतून घेतलं. त्या दुपारी सगळ्यांनी कोरा चहा प्यायला आणि कुणी तक्रार केली नाही, कारण अर्धे माझ्यामागेच रांगेत होते.

दीड तासानं माझा नंबर आला. चमचा सोंडेला टेकवला. दुधाचा कड किंचित हलला, उचलला गेला आणि बघता बघता चमचा रिकामा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं सांगत नाही.

आता पायांचं सांगते. चपला बाहेर काढलेल्या. तळवे चिकट झाले होते. दुधाचा ओघळ मूर्तीच्या हनुवटीखालून पोटावर, पोटावरून पावलांवर आणि तिथून गाभाऱ्याच्या फरशीवर उतरून माझ्या बोटांच्या बेचक्यांत येत होता. गार. मला लागत होता. समजत होतं की हे दूध आहे. आणि तरी मी शेजारच्या बाईंना म्हटलं, “प्यायला हो!”

दिल्लीच्या विज्ञान व तंत्रज्ञान खात्याच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून ते सोंडेवरून कसं खाली वाहतं ते दाखवलं. पृष्ठताणानं दूध चमच्यातून ओढलं जातं, दगडावर पातळ थर होऊन उतरतं, आणि पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध दिसत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात एका पोरानं विचारलं, “बाई, हा तुम्ही शिकवलेला पृष्ठताणच ना?” मी “हो” म्हटलं आणि फळा पुसायला वळले. फळ्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं.

त्या वर्षी माझे वडील गेले होते. वर कुणीतरी आहे आणि त्याला माझ्या हातचं काहीतरी पोचतं, असं मला एक दुपारभर हवं होतं. पृष्ठताण तेव्हा कामाचा नव्हता. यांच्या वहीत आमच्यावर जो लाल शेरा असेल तो मला मान्य आहे, फक्त त्यात वडिलांची नोंद नसणार. बातमीत ती नसतेच. बातमीत फक्त चमचा असतो.

त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेत पिट्सबर्गला एका गृहस्थानं भरदिवसा दोन बँका लुटल्या, तोंड उघडं ठेवून. पोलिसांनी कॅमेऱ्यातलं चित्र दाखवल्यावर तो चक्रावला, कारण त्यानं चेहऱ्याला लिंबाचा रस चोपडला होता. लिंबाच्या रसानं लिहिलेली अक्षरं दिसत नाहीत, तर चेहराही कॅमेऱ्याला दिसणार नाही, असा हिशेब! म्हणजे एका वर्षात त्यांच्याकडे लिंबू आणि आमच्याकडे दूध. नासणारच होतं. पण यातली एक गोष्ट लोक सांगत नाहीत. त्या माणसानं म्हणे आधी चाचणी घेतली होती, स्वतःचा झटपट फोटो काढून बघितला आणि फोटोत चेहरा आला नाही. डोळ्यांत लिंबू गेल्यावर कॅमेरा कुठे धरला गेला असेल देव जाणे. तरी प्रयोग केला, निष्कर्ष काढला, मग कामाला लागला. मी तर तेवढंही केलं नव्हतं. याच बातमीवरून डनिंग आणि क्रूगर या दोन मानसशास्त्रज्ञांना विषय सुचला आणि १९९९ मध्ये त्यांनी निबंध लिहिला, की ज्याला एखादी गोष्ट कमी येते त्याला ती कमी येते हेही कळत नाही. समर्थांनी मूर्खांच्या यादीनंतर पढतमूर्खांना वेगळा समास दिला, तो वर्ग आणखी बिकट. त्यात मी बसते.

एकटी बसत नाही ही समाधानाची बाब. शेरलॉक होम्सला जन्म देणारे आर्थर कॉनन डॉयल, चिखलाच्या डागावरून माणूस कुठून आला ते सांगणाऱ्या गुप्तहेराचे बाप. त्यांनी १९२० मध्ये दोन मुलींनी काढलेल्या पऱ्यांच्या फोटोंवर विश्वास ठेवला, मासिकात लेख लिहिला. पऱ्या कागदाच्या होत्या, टोपीच्या टाचण्यांनी गवतात उभ्या केलेल्या. हे त्या मुलींनी, म्हणजे तोवर म्हाताऱ्या झालेल्या बायकांनी, १९८३ मध्ये कबूल केलं. डॉयल यांचा मुलगा पहिल्या महायुद्धाच्या शेवटी आजारपणात गेला होता. पुन्हा तेच. यांना हे सांगाल तेव्हा डॉयलपासून सुरू करा, माझ्यापासून नको. बाई दूध पाजायला गेली यावर हे फक्त हसतील.

तुमच्या वहीत माहीमची खाडी आहे का? नसेल तर वही अपुरी आहे. ऑगस्ट २००६, शुक्रवारची रात्र. माहीमचा समुद्र गोड झाला अशी हाकाटी झाली आणि माणसं बाटल्या, कॅन, पातेली घेऊन पाण्यात उतरली. तान्ह्या मुलांच्या ओठांना लावलं. महापालिका ओरडून सांगत होती, पिऊ नका. पाण्यावर प्लास्टिक तरंगत होतं आणि लोक ते बाजूला सारून ओंजळ भरत होते. गंमत अशी की पाणी खरंच कमी खारट झालं होतं. पावसाळ्यात मिठी नदी फुगून माहीमच्या खाडीत येते, गोडं पाणी हलकं म्हणून वर राहतं. आयआयटीच्या तज्ज्ञांनी हेच सांगितलं. नदीचं नावच मिठी, तिनं आणखी किती स्पष्ट सांगायचं! आणि हीच ती नदी, जिनं एकच वर्ष आधी, २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा अर्धी मुंबई बुडवली होती. वर्षभर जिला गटार म्हणून शिव्या घातल्या, तिचंच पाणी तीर्थ म्हणून प्यायलं. दोनच दिवसांनी गणपतीनं पुन्हा दूध प्यायला सुरुवात केली. या वेळी मी गेले नाही. शहाणी झाले होते म्हणून नव्हे, गुडघा सुजला होता.

आणि २०१३ चं उन्नाव. तिथलं कात्रण यांनी नक्की दोन पानं घेऊन लावलं असेल, त्यात हिशेब आहे ना! डौंडिया खेडा गावात १८५७ च्या बंडानंतर फाशी गेलेल्या राजाच्या किल्ल्याखाली हजार टन सोनं आहे, असं एका साधूंना स्वप्न पडलं. तेव्हा रिझर्व्ह बँकेकडचं सगळं सोनं मिळून ५५८ टनांच्या आसपास. म्हणजे साधूंच्या झोपेत देशाच्या तिजोरीच्या दुपटीला थोडं कमी सोनं होतं. गावकऱ्यांनी खणलं असतं तर सोडून दिलं असतं. १८ ऑक्टोबरला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खातं कुदळ घेऊन आलं. भोवती चॅनेलच्या गाड्या, चहा-भजीच्या टपऱ्या, आणि सोनं निघायच्या आधीच वाटा कुणाचा यावर भांडण. निघाली खापरं, बांगड्यांचे तुकडे आणि एक जुनी चूल. चहा-भजीवाल्यांनी मात्र पैसे केले असणार. तिथे एकाच माणसाचं डोकं ठिकाणावर होतं आणि तो भजी तळत होता.

लेखापरीक्षकाच्या नजरेनं बघा वहिनी, या तीन वह्यांत एक दोष आहे. चौकशी नेहमी परसंस्थेची. स्वतःच्या दप्तराचं लेखापरीक्षण एकदाही नाही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं म्हणतात. प्रत्यक्षात पुढच्याला ठेच लागते तेव्हा मागचा हसतो, आणि हसताना खाली बघायचं राहून जातं. यांनी हसायचं थांबवावं असं मी मुळीच म्हणत नाही. ज्या घरात सकाळी पेपर वाचून कुणी हसत नाही ते घर कसलं? पण “काय लोक असतात बघ!” मधले ‘लोक’ हे नेहमी दारापलीकडचे होते. आता त्यातला एक घरात चहा पितोय आणि त्याच्याशी बोलायचं कसं ते यांना कळत नाहीये.

तेव्हा तुम्ही समजूत घालायला जाऊ नका. “होतं असं, सगळ्यांचं होतं” हे तर अजिबात म्हणू नका. चौतीस वर्षं आकड्यांत घालवलेल्या माणसाला ‘सगळ्यांचं’ हा आकडा चालत नाही. पेपर मात्र उद्यापासून पुन्हा सुरू करा, तुमच्या नावानं. तुम्ही वाचा, मोठ्यानं. चुकीची बातमी वाचा, नगरपालिकेच्या सभेची. हे चार दिवस ऐकतील, पाचव्या दिवशी म्हणतील, “अगं, ते नको, तिसरं पान बघ.”

मुलाचं बघायला हवं. त्याला रागवायचं कारण नाही, फक्त एक काम सांगा. फॅमिली ग्रुपवर बोट वर सारत सारत मार्च २०२० पर्यंत जायला सांगा. बावीस तारखेच्या आसपास थांब म्हणावं. जनता कर्फ्यू चौदा तासांचा, विषाणूचं आयुष्य बारा तासांचं, म्हणजे रात्री नऊपर्यंत साखळी तुटलीच, हा हिशेब तेव्हा घरोघरच्या ग्रुपवर फिरत होता आणि तो शिकलेल्या पोरांनीच पाठवला होता. तुमच्याही ग्रुपवर असेल. कुणी पाठवला ते मी सांगत नाही, तो त्यालाच सापडू दे. २०१६ चा नोव्हेंबरही बघायचा असेल तर बघू दे: दोन हजारांच्या नोटेत चिप आहे, जमिनीखाली १२० मीटर पुरली तरी उपग्रहाला दिसते. हे तर टीव्हीवर अँकर बाईंनी नोट हातात धरून सांगितलं होतं. नोट गेली, चिप कुठे गेली कुणी विचारलं नाही. सापडलं की त्यानं ते कात्रण म्हणून बाबांना पाठवावं. ग्रुपवर नको, एकट्याला. खाली चेहरा नको.

वहीवर जायचं कसं, ते सांगते. तुम्ही वही खाली आणून यांच्यासमोर ठेवलीत तर हे ती पुन्हा वर टाकतील. माझं नाव सांगा. म्हणावं, सदरवाल्या बाईंना माहीमच्या खाडीचं कात्रण हवंय, छायाप्रत मागितलीय, तारखेसकट. तारीख म्हटल्यावर यांना राहवणार नाही. ‘छायाप्रत साक्षांकित हवी’ असंही सांगा वाटल्यास. हे स्वतः माळ्यावर चढतील. स्टूल धरा, पण बोलू नका.

वही खाली आली, धूळ झटकून झाली, की पुढचं त्यांच्यावर सोडा. मी असते तर एक कोरं पान काढून त्यावर लिहिलं असतं, पेपरातल्याच भाषेत: ‘मिरजेत निवृत्त लेखापरीक्षकाला ऑनलाइन गंडा, वीजबिलाच्या नावाखाली ४७ हजारांची फसवणूक’. आणि खाली लाल शाईचा शेरा नव्हे, तुमच्या सहकार खात्यातला तो ‘दोष दुरुस्ती अहवाल’. संस्थांकडून यांनी तो शेकड्यानं मागवला असेल, कधी स्वतः भरला नसेल. मुद्दा एक, आक्षेप: पावती असताना फोन केला. दुरुस्ती: पुढच्या वेळी बिलावरच्याच नंबरवर करणार. मुद्दा दोन, आक्षेप: एक महिना तक्रार केली नाही. दुरुस्ती: १९३० ला कळवले, पोच क्रमांक सोबत. मुद्दा तीन त्यांना सुचेल. त्यांना नेहमी तिसरा मुद्दा सुचत असणार, नाहीतर सचिव आजारी कशाला पडले असते.

आणि ते पान लिहून झालं तर त्याच्या आधीच्या कुठल्याही पानावर माझी नोंद घालायला जागा ठेवा. २१ सप्टेंबर १९९५, दादर, विज्ञान शिक्षिका, चहाचं अर्धा पाव दूध. शेरा यांनीच मारावा, मी खुलासा देणार नाही.

ता. क. माहीमचं कात्रण धाडाल तेव्हा पाकीट वजन करून तिकिटं लावा. तुमचं हे पत्र वीस ग्रॅमच्या वर होतं आणि तिकीट पाचाचंच. बेअरिंग आलं, म्हणजे कमी पडलेल्या तिकिटाचे पैसे माझ्याकडून. पोस्टमन दारात उभा राहून म्हणाला, “बाई, फक्त दहा रुपये भरा.” मी क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले, मग भरले. वीस वर्षांपासून ओळखते त्याला.